अंकांच्या वाटा : नऊ एकांचा डोंगर

गेल्या आठवड्यात १११ चा वर्ग करून ठेवायला सांगितलं होतं. १२३२१ आला असेल. आज थेट नऊ एक घेऊ. १११११११११ ला त्यानंच गुणलं की येतात १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा आकडी संख्या, मधोमध ९ चं शिखर, दोन्ही अंगांना सारखा उतार.

शाळेत मांडायचो तसा गुणाकार मांडा. तीच ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग बेरीज करायची म्हणजे उभ्या रकान्यातले एक मोजायचे : उजवीकडून १, २, ३ करत मधल्या रकान्यात ९, आणि पुन्हा उतरत १. हातचा कुठेच येत नाही, म्हणून डोंगर शाबूत. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात १० होतात. शून्य लिहून हातचा एक. तो मिळाला की शेजारच्या ९ चे १०, पुन्हा हातचा. पलीकडच्या ८ चा ९ होतो आणि गाडी थांबते. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढावरचा ८ गायब!

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना ‘डेमलो’ म्हटलं. मुंबईपासून तीसेक मैलांवर, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरच्या डेमलो नावाच्या स्टेशनात त्यांना ही कल्पना सुचली होती. संख्येला स्टेशनाचं नाव देणारा माणूस मला तरी फार आवडतो.

आता डोंगराच्या पोटात काय आहे ते पाहू. नऊ एकांचे तीन-तीनचे गट पाडले की १११ × १००१००१. पहिला अवयव ३ × ३७, दुसरा ३ × ३३३६६७. म्हणजे आपल्या संख्येत ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. विभाजक ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या विषमच असते, तशी ही.

३३३६६७ मूळ कशावरून? तिचं वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे आहे आणि ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. एवढे भागाकार कोण करणार! पण ३३३६६७ नं ९९९९९९९९९ ला निःशेष भाग जातो, त्यामुळे ३ सोडला तर तिचा कुठलाही मूळ अवयव १८ च्या पाढ्यात १ मिळवूनच यायला हवा. (३ बाद, कारण अंकांची बेरीज २८.) उरतात १९, ३७, ७३ पासून ५७७ पर्यंत फक्त सतरा. ३७ नं भागलं तर बाकी १, थोडक्यात वाचली. बाकीच्या सोळांनीही भाग जात नाही.

१ ला ३३३६६७ नं भागा : ०.०००००२९९७०००००२९९७… नऊ-नऊ अंकांनी फिरत राहतं. नेमकं नऊ अंकांचं आवर्तन असलेली ही एकमेव मूळ संख्या. तीन अंकांच्या आवर्तनाची एकमेव म्हणजे ३७. दोघी एकाच डोंगरात राहतात.

पुढच्या वेळेपर्यंत १ ला ८१ नं भागून ठेवा. तिथंही एक ८ हरवलेला सापडेल.