केस झाली म्हणून काम संपत नाही

गटाच्या बैठकीत आपण हप्ते, व्याज, शेळ्या, आजारपण सगळं मोकळेपणी बोलतो. एक प्रश्न मात्र बैठक उठल्यावर हळूच विचारला जातो : "ताई, पोरावर केस आहे. त्याला नोकरी लागेल का?" कधी प्रश्न स्वतःबद्दलच असतो. बांधावरून भांडण झालं, दोन्ही घरच्या बायकांची नावं तक्रारीत आली आणि आता कामावर पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागतायत. म्हणून आज याच विषयावर बोलू.

आधी आपल्यावर नेमकं काय आहे ते ओळखायचं. 'केस' हा एकच शब्द आपण सगळ्याला लावतो. एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद, तिचा तपास पोलिसांना कोर्टाच्या हुकमाशिवाय करता येत नाही. एफ.आय.आर. म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची पहिली खबर. त्यानंतर तपास, दोषारोपपत्र, खटला आणि शेवटी निकाल. निकालात दोष सिद्ध होईपर्यंत माणूस फक्त आरोपी असतो.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. "कबूल करा, दंड भरा, मोकळ्या व्हा," असं कुणी सांगितलं तर घाई करू नका. गुन्हा कबूल करून भरलेला दंड हीसुद्धा शिक्षाच असते. आधी वकिलाला विचारा. साध्या मारहाणीसारखे काही गुन्हे कायद्यानं तडजोडीनं मिटवता येतात. ते कोर्टापुढं रीतसर मिटवले, तर त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच होतो. घरात बसून "मिटलं" म्हटल्यानं केस मिटत नाही.

निकाल लागला असेल, तर कोर्टातून त्याची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि सातबाऱ्यासारखी जपून ठेवा. पडताळणीत जुनी नोंद निघाली, तर तोच कागद दाखवायचा.

आता नोकरीच्या अर्जाबद्दल. सरकारी नोकरीच्या फॉर्ममध्ये अटक, गुन्हा, खटला याबद्दल विचारतात. तिथं लपवू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली अवतार सिंग यांच्या खटल्यात सांगितलं, की दिलेली माहिती खरी असली पाहिजे. तरुण वयातला, किरकोळ गुन्हा असेल तर तो लपवला असला तरी नोकरी देणाऱ्याला सोडून देता येतो. पण खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यावीच लागेल, असंही नाही. गंभीर गुन्हा लपवला तर मात्र लागलेली नोकरीही जाऊ शकते. म्हणून जेवढं विचारलंय तेवढं, पण खरं लिहा, आणि निकालाची नक्कल जोडा.

अठरा वर्षांखालच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे बाल न्याय मंडळापुढं चाललेल्या प्रकरणामुळं त्याला पुढं नोकरीला अपात्र ठरवता येत नाही. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी मोठ्या माणसासारखा खटला चालला असेल, तर हा नियम लागू होईलच असं नाही. तसंच मोठ्या माणसाला कोर्टानं १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं असेल, तर त्या शिक्षेमुळं येणारी अपात्रता लागत नाही. पोरगं कोणत्या कायद्याखाली सुटलं, हे निकालात वाचून घ्या.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि तुरुंगात असलेल्यांनाही मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १५१०० या नंबरवर फोनही करता येतो.

दाखला येईपर्यंत चूल थांबत नाही. शेतमजुरी, शिवण, भाजीविक्री, गटाचा पापड-मसाल्याचा उद्योग, या कामांना चारित्र्याचा दाखला लागत नाही. पण इथं गाठ पडते ती आपल्याशीच. तुरुंगातून परत आलेल्या बाईला गटात घ्यायचं म्हटलं, की कुजबुज सुरू होते. पारधी वस्तीवरच्या बाईवर तर केस नसतानाही संशय घेतात. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण आपल्या मनातून तो गेलाय का, हे आपणच तपासायचं आहे.

पंचसूत्री म्हणा की दशसूत्री, 'सभासदावर केस नसावी' असं सूत्र त्यात नाही. नियमित बैठक, बचत, परतफेड आणि चोख हिशेब, एवढंच आपण मागतो. अशी बाई आली तर इतरांसारखीच बचत सुरू करून द्या, नियमात बसेल तेव्हा कर्ज द्या. तिची केस गावभर सांगू नका. आपल्याकडून काम मिळालं, तर तिच्या पोरांच्या ताटात भाकरी पडेल.

या महिन्याच्या बैठकीत हा विषय अजेंड्यावर घ्या, आणि ज्यांच्या घरी जुनी केस आहे त्यांनी निकालाची नक्कल काढायला याच आठवड्यात कोर्टात अर्ज करा. एकटीनं जायची भीती वाटली, तर गटातली एकजण सोबत जा.