जेथे देणगी चालत नाही

देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरण्याची आपल्या ट्रस्टची प्रथा आहे व ती योग्यच आहे. परंतु काही सभा अशा असतात की, तेथे कितीही द्रव्य दिले तरी नाव लागत नाही. अशा सभेस अकादमी म्हणतात. अथेन्सजवळच्या ज्या राईत प्लेटो शिकवीत असे, तिच्या नावावरून हा शब्द आला. फ्रान्समधील १६३५ सालच्या अकादमीत आसने ४०च. त्यांवर बसणाऱ्यांस तेथे ‘अमर’ म्हणतात.

आपल्या देशाने कलावंत व शास्त्रज्ञ ह्यांस एका छपराखाली बसविले नाही. संगीत-नाटकाची अकादमी १९५३ साली निघाली, साहित्याची व ललित कलांची १९५४ साली. शास्त्रज्ञांची संस्था त्याही आधीची, १९३५ सालची. हिमालयाच्या खडकांचा अभ्यास करणारे दाराशा वाडिया तिचे एक अध्यक्ष होते. त्यांचा जन्म १८८३ साली सुरतेत झाला, हे कडोदऱ्याच्या किती मुलांना ठाऊक असेल?

साहित्य अकादमीचा सर्वोच्च मान म्हणजे महत्तर सदस्यत्व. एका वेळी हयात असे २१ साहित्यिकच त्यात असू शकतात. वि. स. खांडेकरांस तो मान १९७० साली मिळाला व पुढल्याच वर्षी काकासाहेब कालेलकरांस. काकासाहेबांची गोष्ट मात्र आपल्या घरातली वाटावी अशी आहे. जन्म १८८५ साली साताऱ्यास, मातृभाषा मराठी. गांधीजींच्या आश्रमात आले आणि गुजरातीत असे लिहू लागले की, गांधीजी त्यांस ‘सवाई गुजराती’ म्हणत. १९६५ साली अकादमीचे पारितोषिक त्यांस मिळाले तेही ‘जीवनव्यवस्था’ ह्या गुजराती पुस्तकासाठी. अकादमीने भाषा पाहिली ती पुस्तकाची. लेखकाच्या जन्मगावाची नव्हे.

मुलाला गुजराती शाळेत घातले की तो आपल्यातून गेला, असे आपली वडीलधारी मंडळी म्हणतात. ही भीती अगदीच खोटी नाही; घरात मराठी बोललीच नाही तर ती जाणारच. काकासाहेबांनी मराठीतही पुस्तके लिहिली. पण बालपणीच्या आठवणी, म्हणजे आई-वडील, भावंडे, सगळे मराठी घर, त्यांनी ‘स्मरणयात्रा’ ह्या पुस्तकात गुजरातीत सांगितले. ट्रस्टच्या वाचनालयात ते पुस्तक अवश्य घ्यावे. नातवाने वाचावे आणि आजीला त्यातली गोष्ट मराठीत सांगावी.