भीतीची भीती



काळजी कुणाला चुकली आहे? पाऊस लांबला, पोरांची फी भरायची आहे, गटाचा हप्ता जवळ आला, की जिवाला घोर लागतोच. पण काही जणींना याच्यावर आणखी एक घोर लागतो. ‘मला इतकी काळजी का वाटते? मला काही झालंय का?’ म्हणजे काळजीचीच काळजी, भीतीचीच भीती. आज तिच्याविषयी बोलू या.

समजा, एक बाई आठवडी बाजारात भाजी घेतेय. गर्दी, ऊन, सकाळपासून पोटात नुसता चहा. अचानक छातीत धडधड होते, तळहाताला घाम सुटतो, घशाला कोरड पडते. ‘आता मी इथंच पडणार, लोक काय म्हणतील?’ असं मनात येतं आणि धडधड आणखी वाढते. ती भाजी तिथंच सोडून घर गाठते. पुढच्या आठवड्यात बाजाराचं नाव काढलं तरी तिच्या पोटात गोळा येतो. खरं तर तिला बाजाराची भीती नाही, त्या धडधडीची आहे. मग बाजार सुटतो, एसटीचा प्रवास सुटतो, हळूहळू गटाची बैठकही सुटते.

हे कसं घडतं? आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या वर एकेक लहानशी ग्रंथी असते. धोका वाटला की ती अ‍ॅड्रेनालिन नावाचा रस रक्तात सोडते. त्यानं हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, हातापायांत बळ येतं. शेतात साप दिसल्यावर पळायला हेच बळ कामी येतं. पण धोका खरा आहे की मनातला, हे शरीराला लगेच कळत नाही. आपण धडधडीलाच साप समजलो, की आणखी रस सुटतो आणि धडधड आणखी वाढते. असं ते रहाटगाडगं फिरत राहतं.

ऑस्ट्रेलियात क्लेअर वीक्स नावाच्या एक डॉक्टर होत्या. तरुणपणी त्यांना स्वतःलाच हा धडधडीचा त्रास झाला होता. १९६२ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. त्या म्हणत, यात भीती दोन असतात. पहिली आपोआप येते, तिच्यावर आपला ताबा नाही. दुसरी आपण तिच्यात घालतो, ‘अगं बाई, आता काय होणार!’ असं म्हणून. पहिली थांबवता येत नाही, पण दुसरी घालायची की नाही, हे शिकता येतं.

मग करायचं काय? ‘घाबरू नकोस, घाबरू नकोस’ असं मनाला दटावून उपयोग नाही. औषध घेताना माकड आठवू नका म्हटलं, की माकडच आठवतं ना? बुजलेल्या बैलाचंही तसंच. कासरा हिसकला, चाबूक मारला, तर तो जास्तच उधळतो. शांत आवाजात चुचकारलं की थांबतो.

म्हणून धडधड सुरू झाली, की मनात म्हणायचं, ‘आलीस का? ये. तू अ‍ॅड्रेनालिनची धडधड आहेस. थोड्या वेळानं जाशील.’ असा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत चढतो आणि मग उतरायला लागतो. खांदे सैल सोडा. श्वास सावकाश घ्या, आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. हातातलं काम हळूहळू चालू ठेवा. जमलं तर तिथून पळू नका. पळालो की त्या वेळी सुटल्यासारखं वाटतं, पण ‘पळाले म्हणून वाचले’ हे मनात पक्कं बसतं. बाजार सुटला असेल, तर आधी मैत्रिणीसोबत वेशीपर्यंत जा, मग पहिल्या दुकानापर्यंत. धडधड होईल. होऊ द्या. धडधड होत असतानाही भाजी घेता येते, हे एकदा कळलं की निम्मं ओझं उतरतं.

घरच्यांनाही एक सांगणं. ‘एवढं काय त्यात, मन घट्ट कर,’ असं म्हणू नका. त्यानं तिला स्वतःचीच लाज वाटते आणि लाजेनं भीती वाढते. ‘मी आहे इथं, जाईल थोड्या वेळानं,’ एवढं म्हणून जवळ बसा.

आता महत्त्वाचं. प्रत्येक धडधड भीतीचीच असते असं नाही. अंगात रक्त कमी असेल किंवा थायरॉइड वाढलेलं असेल, तरी धडधडतं. म्हणून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या. छातीत दाबल्यासारखं दुखत असेल, कळ हातात, पाठीत किंवा जबड्यात जात असेल, दम लागत असेल, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा. तपासणीत काही निघालं नाही आणि तरी झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, घराबाहेर पडणं बंद झालं असेल, तर मनाच्या डॉक्टरांकडे जा. हा आजार बोलून आणि गरज पडल्यास औषधानं बरा होतो. ‘जगणं नको’ असे विचार येत असतील तर ते मनात ठेवू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. १४४१६ हा सरकारचा ‘टेलि-मानस’ फोन आहे. रात्री-अपरात्री कधीही लावा, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं.

पुढच्या बैठकीत हिशोब झाला की पाच मिनिटं काढा. एकमेकींना विचारा, ‘तुला कधी अशी धडधड झाली होती का गं?’ बहुतेक एकीनंतर दुसरी बोलू लागेल. आणि हल्ली बैठकीला कोण येईनाशी झाली आहे, तेही आठवा. तिच्या घरी जाऊन या.