जागा असून अडचण
विद्यापीठाच्या युनिक्स-पद्धतीच्या सर्व्हरवर विद्यार्थी आपला प्रबंध साठवूं जातो, आणि कोटा संपल्याची सूचना येऊन फाइल अर्धवट राहते. डिस्क तर निम्मी रिकामी!

१९८३ च्या ४.२ बीएसडीनें आणलेल्या कोटा-पद्धतींत मर्यादा दोन, मृदु आणि कठोर. लिनक्सवर मृदु मर्यादा ओलांडतां येते, पण मुदतीपुरतीच. ती सामान्यतः सात दिवसांची. मुदत सरली कीं मृदु मर्यादाच कठोर ठरते. सावकाराचीच ही सवलत. फायलींची संख्याहि निराळी मोजतात. हजारों चिमुकल्या फायलींनीं तीच आधीं भरते.

‘कोटा’ ही आज्ञा दिल्यास ओलांडलेल्या आंकड्यापुढें तारका दिसते. मुदतीच्या रकान्यांत ‘कांहीं नाहीं’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द असल्यास मुदत संपली असें समजावें. पुष्कळांची येथेंच फसगत होते. नको त्या फायली काढून मृदु मर्यादेखालीं येतांच लेखन पुन्हा सुरू होतें.