मीठ, कोळसा आणि लाल दिवा

गाडी दारात आली त्या संध्याकाळी चार्जरवर लाल दिवा लागला, तो काही हिरवा होईना. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर काम भागतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. त्याच सॉकेटवर पाण्याची मोटर वर्षानुवर्षं चालली होती.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. पिशवीतून होल्डरला जोडलेला बल्ब काढून त्याने एक वायर फेजला लावली, दुसरी न्यूट्रलला. बल्ब लख्ख. मग दुसरी वायर अर्थिंगच्या भोकात घातली, तर बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा मिणमिणला. "सर, अर्थिंग आहे, पण नावाला." मोटर ते चालवून घेते. हा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो. पसंत नसेल तर विजेला हातच लावत नाही.

मग अंगणात, तुळशीपासून चार पावलांवर, खड्डा सुरू झाला. वरची माती भुसभुशीत, तीन फुटांवर मुरूम लागला आणि पहार ठणठणू लागली. पुरुषभर खोल गेल्यावर तांब्याची प्लेट उभी ठेवली, तिच्याभोवती कोळशाचा थर, वर जाड मिठाचा, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. मध्ये एक पाइप, वरून पाणी ओतायला. ओल असेल तोवरच जमीन वीज नीट पोटात घेते. मीठ आणि कोळसा ती ओल धरून ठेवतात. संध्याकाळी दिवा हिरवा झाला. मार्च लागला की त्या पाइपात दर चार दिवसांनी बादलीभर पाणी जातं. शेजारच्या आजींना अजून कोडं आहे, की बिनपेट्रोलच्या गाडीला पाणी कशाला घालतात.

आमच्या गाडीची बॅटरी २४ युनिटची. कागदावर रात्रभरात भरते. पण संध्याकाळी वाडीतले सगळे पंखे, टीव्ही चालू झाले की व्होल्टेज १८०वर येतं. चार्जर अँपिअर तेवढेच घेतो, त्यामुळे तासाला तीन युनिट जायचे तिथे अडीच जातात. म्हणून आम्ही अकरानंतर, गाव झोपलं की प्लग लावतो. बिलाचं गणितही निराळं झालं. पूर्वी महिन्याला ९०-९५ युनिट यायचे, आता २४० पर्यंत जातात; आणि १०० च्या पुढच्या युनिटांना दर दुपटीच्या आसपास. तरीही रोजची चाळीसेक किलोमीटरची ये-जा लिटरभर पेट्रोलच्या पैशांत आरामात बसते, त्यामुळे घरात तक्रार नाही.

आमच्याकडे डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र १९९५ पासून आहे. त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. आम्हाला येते ती महावितरणची, पण तीही बरीचशी कोळशाचीच. म्हणजे अंगणात पोतंभर कोळसा पुरला तो वेगळा, आणि तारेतून येतो तो वेगळा. धूर आमच्या गाडीच्या मागून निघत नाही, इतकंच.

चालवण्यात खरी मजा जव्हारच्या घाटाची. चढताना टक्के डोळ्यांदेखत गळतात. परत उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की मोटरच गाडीला मागे ओढून वीज बनवते, आणि घाट संपेपर्यंत एखाद-दोन टक्के वाढलेले असतात. मुलगा मागच्या सीटवरून ते मोजत बसतो. भीती वाटते ती अंधाऱ्या रस्त्याची. गाडीला आवाज नाही, आणि कडेने चालणारा माणूस कानांवर विसंबून असतो. म्हणून वाडीतून जाताना मी काच खाली करून रेडिओ लावतो.

पावसाळ्यात खड्ड्याची काळजी मिटते आणि तारांची सुरू होते. फांदी पडली, डीपीचा फ्यूज उडाला, की रात्री दोनला चार्जिंग थांबतं. लाइट आली की आपोआप पुन्हा सुरू होतं, पण ती येईल तेव्हा. म्हणून जून ते सप्टेंबर सकाळी चहाच्या आधी टक्के पाहिले जातात. साठ असले तर शाळा, बाजार, दवाखाना निभतं. मुंबईला जायचं असलं की हायवेवर हॉटेलांच्या आवारात फास्ट चार्जर आहेत, पण त्यांच्यापुढे रांग आणि आधी चारोटीनंतरची कोंडी. बायको म्हणते, त्यापेक्षा लोकल बरी. २०१३ पासून ती डहाणू रोडपर्यंत येते. गाडी स्टेशनाबाहेर उभी करायची, पन्नास टक्क्यांवर, आणि रात्री परत येऊन त्याच पन्नासवर घर गाठायचं.