नंदुरबारचे मार्कर थेट आर्क्टिकच्या समुद्रात का पडतात?

समजा, तुमच्याकडे नंदुरबार जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांची एक्सेल फाइल आहे. नाव, अक्षांश, रेखांश असे तीन कॉलम. ती सीएसव्ही म्हणून सेव्ह करून वेब मॅपवर टाकली की प्रत्येक ओळीचा एक मार्कर उमटायला हवा. पण जिल्हा रिकामा, आणि सगळे मार्कर नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात!

कारण साधं आहे. नंदुरबार शहर साधारण 21.37 अक्षांश आणि 74.24 रेखांशावर आहे. आकडे उलटे वाचले गेले की मार्कर आर्क्टिकमध्ये जातो.

गंमत म्हणजे सॉफ्टवेअर कुरकुरही करत नाही. अक्षांश 90 पर्यंत असू शकतो आणि अख्खा महाराष्ट्र साधारण 72 ते 81 रेखांशांत बसतो. म्हणजे आपले उलटे आकडेही नियमात बसतात. कोहिमाचा 94 रेखांश असता, तर चूक लगेच कळली असती.

हा गोंधळ होतो कुठे? 2011 मध्ये आलेली, वेब मॅपसाठी वापरली जाणारी लीफलेट ही मोफत लायब्ररी अक्षांश आधी मागते. जिओजेसन या फाइल प्रकारात मात्र रेखांश आधी लिहायचा, असं 2016 च्या मानकात ठरलेलं आहे. कोडिंग येत नसेल तर गूगल माय मॅप्स बरं. तिथे फाइल टाकल्यावर कोणता कॉलम अक्षांशाचा आणि कोणता रेखांशाचा, हे विचारलं जातं.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. 21 अंश 22 मिनिटं म्हणजे 21.22 नव्हे, 21.37. इथे चुकलात तर मार्कर सुमारे 16 किलोमीटर दक्षिणेला सरकतो. जिल्ह्यातच राहतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

आणि हो, सेव्ह करताना यूटीएफ-8 निवडा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. नावांवर फार विसंबूही नका. जनगणनेत तालुका ‘अक्राणी’ आहे, बोलताना लोक ‘धडगाव’ म्हणतात. दोन फाइली जोडायच्या असतील तर 2011 च्या जनगणनेतला गावाचा सहा आकडी कोड वापरा.

आता खरी अडचण. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या गावाचा मार्कर पाण्यात दिसला, तर ती चूक असेलच असं नाही. सरदार सरोवरामुळे या दोन तालुक्यांतली 33 गावं बाधित झाली. जुन्या फाइलीतला आकडा बरोबर असू शकतो, पण तिथे आता जलाशय आहे. काही कुटुंबांचं पुनर्वसन तळोदा आणि शहादा तालुक्यांत झालं, तर काही वरच्या डोंगरावर सरकली.

शिवाय सातपुड्यात गाव एका जागी नसतं. एकाच महसुली गावाचे पाडे वेगवेगळ्या टेकड्यांवर असतात. गावाच्या मध्यावर एकच मार्कर ठेवला, तर नकाशावर दवाखाना जवळ दिसतो आणि प्रत्यक्षात मध्ये दरी किंवा पाणी असतं. आरोग्य विभागाला नर्मदेत बोट अँब्युलन्स उतरवाव्या लागल्या, त्या उगाच नाही.

म्हणून इथल्या फाइलीत प्रत्येक पाड्याची वेगळी ओळ हवी, आकडे दशांशानंतर चार अंकांपर्यंत हवेत (म्हणजे फरक साधारण 11 मीटरचा), आणि ‘कसं पोहोचायचं : रस्ता, पायवाट की बोट’ असा आणखी एक कॉलम हवा. मार्करवर क्लिक केल्यावर सगळ्यात वर तोच दिसू द्या.