भूगर्भातून विश्वाचा शोध

आकाशाचा अभ्यास करावयाचा, तर स्वच्छ हवेचे पर्वतशिखर शोधून तेथे दुर्बीण बसवावी, ही ज्योतिर्विदांची पूर्वापार चालत आलेली रीत होय. असे असता गेल्या काही दशकांत विश्वातील एका अत्यंत अवघड कोड्याच्या उकलीसाठी शास्त्रज्ञ नेमके विरुद्ध दिशेला वळले आहेत. खोल खाणींत आणि डोंगरांच्या पोटातील बोगद्यांत त्यांनी आपल्या प्रयोगशाळा थाटल्या आहेत. जे द्रव्य दिसत नाही, ज्यातून प्रकाश निघत नाही, अशा कृष्णद्रव्याचा हा शोध आहे.

अदृश्य द्रव्याची चाहूल

१९३३ साली फ्रिट्झ झ्विकी या ज्योतिर्विदाने अरुंधती केश या तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या दीर्घिकांच्या एका पुंजाचे निरीक्षण केले. त्यातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की दृश्य ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने त्या एकत्र राहणे शक्य नव्हते. पुढे १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या भ्रमणाची मोजमापे प्रसिद्ध केली. आपल्या सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे ४८ किलोमीटर वेगाने फिरतो, तर दूरचा वरुण, म्हणजे नेपच्यून, जेमतेम साडेपाच किलोमीटर वेगाने. देवयानीत मात्र केंद्रापासून दूर गेले, तरी वेग फारसा घटत नाही. याचा सरळ अर्थ असा, की तेथे न दिसणाऱ्या द्रव्याची ओढ आहे. आजच्या मोजमापांनुसार असे द्रव्य सामान्य द्रव्याच्या सुमारे पाचपट आहे.

हे द्रव्य एखाद्या अज्ञात मूलकणाचे बनलेले असावे, असा पुष्कळ शास्त्रज्ञांचा तर्क आहे. तो खरा असेल, तर हे कण वाचकाच्या शरीरातूनही या क्षणी आरपार जात असले पाहिजेत. क्वचित एखादा कण अणुगर्भावर आदळेल आणि त्याला किंचित धक्का देईल. तो धक्का टिपणे, एवढेच या यंत्रांचे काम.

खडकाचे छत्र

परंतु पृथ्वीवर कोलाहल फार आहे. विश्वकिरणांपासून उत्पन्न होणारे म्यूऑन कण तळहाताएवढ्या जागेतून सेकंदाला सुमारे एक या प्रमाणात सतत जात असतात. बाजारपेठेच्या गजबजाटात टाचणी पडल्याचा आवाज ऐकू येणार कसा? म्हणून यंत्रावर शेकडो मीटर खडकाचे छत्र धरावे लागते.

या विद्येत भारताचा वाटा जुना आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या खोलीवर म्यूऑन मोजले. अतिखोल भागात तर सुमारे दोन महिन्यांत एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. वरवर निष्फळ वाटणाऱ्या या निरीक्षणातच पुढील यशाचे बीज होते. अशा निःशब्द ठिकाणी न्यूट्रिनोसारख्या दुर्मीळ घटना ओळखता येतील, हे ध्यानात आले आणि १९६५ साली सुमारे २,३०० मीटर खोलीवर भारतीय, जपानी व ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मिळून वातावरणात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंची नोंद केली. कोलारची खाण २००१ साली बंद झाली. तथापि २०१७ साली झारखंडातील जादूगोडा येथे युरेनियमच्या खाणीत ५५५ मीटर खोलीवर साहा अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेने नवी प्रयोगशाळा उघडली. तेथे अतितप्त द्रवाच्या थेंबांवर प्रयोग केले जातात. उत्कलनबिंदूच्या वर तापूनही न उकळलेला थेंब अत्यंत अस्थिर असतो; अणुगर्भाला धक्का बसताच त्याचा बुडबुडा होतो आणि त्याचा सूक्ष्म ध्वनी यंत्र ऐकते.

द्रवरूप झेनॉनची टाकी

याहून अवाढव्य यंत्र अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात, होमस्टेक या जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल आहे. लक्स-झेपलिन हे त्याचे नाव. उणे शंभर अंश सेल्सियसच्या जवळपास थंड केलेला १० टन द्रवरूप झेनॉन त्यात भरलेला असतो. अणुगर्भाला धक्का बसला, की प्रकाशाची एक क्षीण चमक उठते. त्याच वेळी सुटलेले इलेक्ट्रॉन विद्युत्क्षेत्राने वर ओढले जातात आणि पृष्ठभागावरील वायूत दुसरी चमक उठवतात. दोन चमकांमधील काळावरून घटनेची खोली समजते. त्यांच्या तेजाच्या प्रमाणावरून धक्का अणुगर्भाला बसला की इलेक्ट्रॉनला, हेही बहुतांशी ओळखता येते. यंत्राच्या धातूतही किरणोत्सर्गाचा लेश असतो. म्हणून कडेच्या घटना वगळून मध्यभागातीलच हिशेबात धरतात.

२०२४ साली या यंत्राचा २८० दिवसांच्या निरीक्षणांचा अहवाल जाहीर झाला. कृष्णद्रव्याची खूण मिळाली नव्हती.

दाव्याची कसोटी

इटलीतील ग्रान सास्सो पर्वताखालील डामा या प्रयोगाने मात्र अशी खूण मिळाल्याचा दावा अनेक वर्षे केला. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांतील चमकांची संख्या दरवर्षी जूनच्या सुमारास वाढते, असे त्यात आढळले. सूर्याभोवती फिरणाऱ्या पृथ्वीचा वेग त्या सुमारास सूर्याच्या स्वतःच्या गतीत मिळत असल्याने अशी वाढ अपेक्षितच होती. तेव्हा दावा हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. तो पारखण्यासाठी दक्षिण कोरिया आणि स्पेन येथे त्याच जातीचे स्फटिक वापरून स्वतंत्र प्रयोग झाले. त्यांत तसा चढउतार दिसला नाही.

मग हा सर्व खटाटोप व्यर्थ गेला काय? तसे म्हणता येणार नाही. प्रत्येक नकाराबरोबर संभाव्य कणांचे काही प्रकार बाद होतात आणि शोधाचे क्षेत्र आखडत जाते. शिवाय इटलीतील व चीनमधील झेनॉन-यंत्रांना २०२४ साली सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंच्या अतिसूक्ष्म धक्क्यांची पहिली चिन्हे दिसली. कोलारला ज्यांच्यासाठी शांतता शोधली, ते न्यूट्रिनोच आता या शोधातील नवा अडथळा ठरत आहेत. कारण त्यांना अडवील एवढा जाड खडक पृथ्वीवर कोठेही नाही. कृष्णद्रव्याचा कण सापडलाच, तर तो या मंद कुजबुजीतून निवडून काढावा लागेल.